रात्री दीड वाजता तिसऱ्यांदा सोडलेल्या निऱ्या

प्रश्न: माझं वय ३८. बँकेत अधिकारी आहे. कुठलंही काम मनासारखं झाल्याशिवाय मला सोडवत नाही. साधा ईमेलसुद्धा पाच-सहा वेळा वाचते, रोज घरी यायला उशीर होतो. बढतीच्या परीक्षेचा अर्ज दोन वर्षं भरला नाही, कारण अभ्यास पुरेसा झालाय असं कधी वाटलंच नाही. यंदा गौरी आवाहनाच्या आदल्या रात्री दीड वाजता मी गौरीच्या साडीच्या निऱ्या तिसऱ्यांदा सोडल्या. सकाळी माझ्या दहा वर्षांच्या मुलीने दारात रांगोळी काढली होती. ती वाकडी आली म्हणून मी पुसली आणि पुन्हा काढली. ती काही बोलली नाही. पण दिवाळीत रांगोळीचा डबा तिच्यापुढे केला तर म्हणाली, "आई, तूच काढ. तुझी छान येते." ते वाक्य डोक्यातून जात नाही. नवरा म्हणतो, "कशाला एवढं करतेस? सोडून दे." पण कसं सोडू?

उत्तर: ताई, सुरुवात त्या "सोडून दे"पासूनच करते. समुपदेशनाच्या कामात मला २२ वर्षं झाली. हा सल्ला मिळालेली माणसं मी सतत भेटते, पण त्या सल्ल्याने मोकळं झालेलं कुणी अजून भेटलेलं नाही. "सोडून दे" म्हणणाऱ्याला फक्त काम दिसत असतं. तुम्हाला मात्र त्या निऱ्यांमध्ये दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांचे डोळे दिसत असतात. अशा वेळी निरी ही कापडाची घडी राहत नाही, ती तुमची गुणपत्रिका होते. गुणपत्रिका सोडून देता येत नाही. म्हणून तुमचे यजमान कितीही प्रेमाने म्हणत असले, तरी तुम्हाला ते ऐकून एकटंच वाटत असणार.

आधी एक भीती दूर करते, कारण ती जवळपास प्रत्येकाच्या मनात असते: हा स्वभाव गेला तर मी पाट्या टाकणारी होईन. तसं होत नाही. काम चोख करण्याची आवड आणि चूक होण्याची धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण वर्षानुवर्षं एकत्र नांदल्यामुळे त्या एकच वाटायला लागतात. त्या वेगळ्या ओळखायची एक साधी खूण सांगते. काम संपल्यावर काय वाटतं ते बघा. आवडीने केलेलं काम संपलं की माणूस दोन पावलं मागे जाऊन त्याकडे बघत राहतो. धास्तीने केलेलं संपलं की "हुश्श, सुटले" म्हणतो आणि वळूनही बघत नाही. गौरी सजल्यावर तुम्ही त्यांच्याकडे डोळे भरून बघितलंत का? की पहाटे उठल्या उठल्या पदराची पिन पुन्हा तपासलीत?

ऑक्सफर्डमधल्या रोझ शाफरान, झफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न या तिघांनी २००२ साली या धास्तीचं जे वर्णन केलं, ते मला आजही सगळ्यात नेमकं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की अशा माणसाची स्वतःबद्दलची किंमत जवळजवळ पूर्णपणे स्वतःच घातलेल्या कडक मापांवर टांगलेली असते. आणि पुढची गोष्ट फार महत्त्वाची आहे. माप गाठता आलं नाही तर तो स्वतःला झोडपतो, पण गाठता आलं तर म्हणतो, "त्यात काय, सोपंच होतं," आणि माप आणखी वर सरकवतो. म्हणजे या खेळात जिंकायची सोयच नाही. मागच्या वर्षी गौरींची आरास सगळ्यांना आवडली असेल, तर यंदा तुमच्यावर दडपण कमी नसणार, उलट वाढलेलं असणार. बरोबर ना?

आता हे येतं कुठून. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या अट्टहासाच्या तीन दिशा सांगितल्या. एक, माझी स्वतःकडून अपेक्षा. दुसरी, माझी इतरांकडून अपेक्षा. तिसरी, लोकांना माझ्याकडून निर्दोषपणाच हवाय ही माझी समजूत. तुमच्या प्रश्नात तिन्ही आहेत. ईमेलमध्ये पहिली, मुलीच्या रांगोळीत दुसरी आणि हळदीकुंकवात तिसरी. पुढे अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४० हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातल्या उत्तरांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात तिन्ही दिशा वाढलेल्या दिसल्या, सर्वांत जास्त तिसरी. तो अभ्यास आपल्याकडचा नाही, पण "लोक काय म्हणतील" हे वाक्य ज्या भाषेत अंगणात खेळता खेळता कानावर पडतं, त्या भाषेतल्या माणसाला तिसरी दिशा समजावून सांगावी लागत नाही.

एक गोष्ट मी ठामपणे म्हणते, आणि माझ्या काही सहकाऱ्यांना ती आवडत नाही. घर चालवणाऱ्या बाईची ही धास्ती सगळीच तिच्या मनाची निर्मिती नसते. नावं ठेवली जातात. पुरण पोळीच्या कडेपर्यंत गेलं नाही हे बघणारं, आणि नुसतं न बघता बोलून दाखवणारं कुणीतरी प्रत्येकाच्या नातेवाइकांत असतं. आणि तो शेरा घरातल्या पुरुषाला मिळत नाही, बाईलाच मिळतो. म्हणून "कुणी काही म्हणत नाही, तुझ्याच डोक्यात आहे" असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला वेगळं तपासायचं आहे: कुणी म्हणालंच, तर नक्की काय होतं?

यासाठी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसतज्ज्ञाची पद्धत मी वापरते. १९५५ च्या सुमारास त्यांनी ती मांडली, मराठीत आपण तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतो. मुंबईच्या कि. मो. फडके सरांमुळे ती आपल्याकडे रुजली, आणि माझ्या पिढीतल्या अनेक समुपदेशकांचं शिक्षण त्या वाटेने झालं. एलिस यांचा मुद्दा असा, की इच्छा माणसाला त्रास देत नाही. इच्छेची जेव्हा सक्ती होते तेव्हा त्रास सुरू होतो. मराठीत हे पकडणं फार सोपं आहे, कारण ती सक्ती आपल्याकडे एका अक्षरात बसते. "निऱ्या छान आल्या पाहिजेत" आणि "निऱ्या छान आल्याच पाहिजेत." तो "च" काढून वाक्य मोठ्याने म्हणून बघा. "मला निऱ्या छान यायला हव्या आहेत. नाही आल्या तर मला वाईट वाटेल." वाईट वाटेल, एवढंच. आभाळ कोसळणार नाही. आठवडाभर स्वतःचं बोलणं ऐका आणि "च" कुठे कुठे येतो ते नुसतं टिपून ठेवा. माझ्याकडे येणारी माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी थक्क होऊन फोन करतात.

पण हा "च" नुसत्या विचाराने जात नाही, हे मी अनुभवाने सांगते. सुरुवातीची काही वर्षं मी लोकांशी तासन्‌तास वाद घालत बसायचे, चुकीचे विचार खोडून काढायचे. त्यांना पटायचं. घरी जाऊन तीच माणसं पुन्हा ओटा पाचव्यांदा पुसायची. धास्ती अनुभवातून शिकते, ती युक्तिवाद ऐकत नाही. तेव्हा प्रयोग करावे लागतात.

साधी दोनशेपानी वही घ्या, चार रकाने आखा. पहिल्यात: मी काय जाणूनबुजून अपुरं ठेवणार. दुसऱ्यात: त्याने काय होईल असं मला वाटतं, अगदी तपशिलात. "वाईट होईल" असं लिहू नका, "धाकट्या जाऊबाई बघतील आणि घरी जाऊन सासूबाईंना सांगतील" असं लिहा. तिसऱ्यात: शून्य ते शंभरपैकी धास्ती किती. चौथा रिकामा ठेवा. तो दुसऱ्या दिवशी भरायचा, प्रत्यक्षात काय झालं ते.

पहिला प्रयोग गौरींवर करायचा नाही. पोहायला शिकताना कुणी थेट विहिरीच्या खोल बाजूला उडी मारत नाही. धास्ती तीसच्या आत असेल अशी गोष्ट निवडा. बहिणींच्या ग्रुपवर ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक मुद्दाम ठेवून मेसेज पाठवा आणि दुरुस्तीचा दुसरा मेसेज टाकू नका. पाहुणे येणार असताना पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणा आणि "आज वेळच मिळाला नाही हो" हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा. हे दुसरं पहिल्यापेक्षा अवघड जातं, बघा. सबब सांगणं हासुद्धा धास्तीचाच हात आहे. सबब सांगितली की मेंदू म्हणतो, वाचलो ते सबबीमुळे. मग शिकणं होत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचा अनुभव सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. चार महिने लहान लहान प्रयोग झाल्यावर त्यांनी गौरींनाच हात घालायचं ठरवलं. साडी एकदाच नेसवायची, जशी येईल तशी. एका गौरीच्या निऱ्या दुसरीपेक्षा दोन बोटं वर गेल्या. त्यांनी तिसऱ्या रकान्यात ८५ लिहिलं आणि झोपायचा प्रयत्न केला. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंनी खरोखरच विचारलं, "यंदा ज्येष्ठेच्या निऱ्या जरा वर गेल्यात का ग?" म्हणजे ज्याची भीती होती तेच घडलं. बाई म्हणाल्या, "हो काकू, गेल्यात." काकूंनी मान डोलावली, आंबील घेतली आणि आपल्या सुनेच्या बाळंतपणाचं सांगायला लागल्या. दुसऱ्या दिवशी चौथ्या रकान्यात बाईंनी लिहिलं: "बोलल्या. पोटात गोळा आला. दहाएक मिनिटांनी गेला. मग मी त्यांच्या सुनेला डिंकाचे लाडू द्यायचं ठरवलं." ते पान मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. कुणीच काही बोललं नसतं, तर त्या इतकं शिकल्या नसत्या. शेरा येतो, बोचतो आणि ओसरतो. तो ओसरलेला एकदा स्वतः बघावा लागतो.

आता बँक. इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळीकडे ढिलाई करा असं मी म्हणत नाहीये. कर्जखात्यातला आकडा, औषधाची मात्रा, विजेची जोडणी, अशा ठिकाणी काटेकोरपणा हवाच, आणि इथला "च" योग्य आहे. पण बघा, तुमच्या बँकेने या काटेकोरपणाची व्यवस्था कशी केली आहे? एकजण नोंद करतो, दुसरा तपासतो. मेकर आणि चेकर. म्हणजे माणूस चुकणार हे तुमच्या संस्थेने आधीच गृहीत धरलंय आणि त्यावर दुसरा माणूस बसवलाय. तुम्ही मात्र ईमेल लिहिताना मेकरही होता आणि चेकरही, तेही पाच वेळा. तेव्हा कामांचे दोन गट करा. चुकीने पैशाचं किंवा जिवाचं नुकसान होऊ शकतं ती कामं एका बाजूला, ती आत्ता करता तशीच करा. उरलेली दुसऱ्या बाजूला. तुम्ही प्रामाणिकपणे यादी केलीत तर दुसरी बाजू खूप लांब निघेल. त्या गटातला ईमेल एकदा लिहायचा, एकदा वाचायचा, पाठवायचा. पाठवल्यावर सेंट फोल्डर उघडायचा नाही. पहिला आठवडा हे फार जड जाईल. तो प्रयोगच समजा आणि वहीत लिहा.

निवडीच्या कामांना दुसरी युक्ती लागते. मिक्सर घ्यायला तीन आठवडे घालवणारी माणसं तुम्हीही बघितली असतील. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकाने १९५६ मध्ये दाखवलं होतं, की माणसाला सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडणं शक्यच नसतं. आपण काही अटी धरतो आणि त्या पुऱ्या करणारा पहिला पर्याय सापडला की थांबतो. निर्णय घेण्याच्या प्रक्रियेवरच्या कामासाठी त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा बाजारात जायच्या आधी कागदावर तीन अटी लिहा. किंमत इतकी, भांडी इतकी, दुरुस्ती केंद्र गावात. तिन्ही जुळल्या की पैसे द्यायचे, आणि घरी आल्यावर इतर दुकानांतले भाव बघायचे नाहीत.

आता मुलीकडे येते. तुमची झोप निऱ्यांनी उडवलेली नाही, तिच्या वाक्याने उडवली आहे.

"तुझी छान येते" म्हणताना ती तुमचं कौतुक करत नव्हती. स्वतःची येत नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. पण तेवढ्यावरून तिचं फार नुकसान झालं असं धरून बसू नका. त्यात पुन्हा परिपूर्ण आई होण्याचा "च" येईल. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५३ मध्ये "पुरेशी चांगली आई" ही कल्पना मांडली. त्यांच्या मते बाळाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत आई त्याच्या प्रत्येक गरजेला धावते, आणि पुढे बाळाची सोसण्याची ताकद वाढेल तशी थोडी थोडी कमी पडत जाते. मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकतं ते याच कमी पडण्यातून. म्हणजे आई चुकणं हा वाढण्याचाच भाग आहे, फक्त ती चूक नंतर हाताळायला हवी.

कशी हाताळायची, तर थोडक्यात आणि सरळ. तिच्याजवळ बसून म्हणा, "गौरींच्या वेळी मी तुझी रांगोळी पुसली. ते चुकलं माझं. तू मन लावून काढली होतीस." एवढंच. "पण मला वाटलं की…" असं काही जोडू नका. "किती सुंदर होती ती!" असंही म्हणू नका. ती वाकडी होती हे तिला माहीत आहे, आणि खोटं कौतुक दहा वर्षांच्या मुलीला लगेच कळतं. मग आठवडाभराने, कुठलाही सण नसताना, दोघी मिळून रांगोळी काढा. अकरा ते सहा ठिपक्यांची घ्या. ठिपके तिने द्यायचे, रेषा तुम्ही जोडायच्या. ठिपक्यांची एखादी ओळ सरकली तर तुमच्या रेषाही सरकतील. सरकू द्या. चिमटीतली रांगोळी बोटांतून सुटत असताना पुढचा ठिपका जिथे आहे तिथेच जायचं, जिथे असायला हवा होता तिथे नाही. तुमच्यासाठी वहीतला हा सगळ्यात अवघड प्रयोग असेल. संध्याकाळपर्यंत त्या रांगोळीला हात लावायचा नाही, आणि शेजारच्या काकू जिन्यातून येताना "हिने काढलीय" असंही सांगायचं नाही.

हाच नियम यजमानांच्या कामालाही लावा. "कशाला एवढं करतेस" असं विचारणाऱ्याला सांगा, "खरंय, तर आजपासून शनिवारचा स्वयंपाक तुमचा." पण मग कांदा जाड चिरला गेला तरी स्वयंपाकघरात डोकवायचं नाही, आणि घासलेली भांडी पुन्हा विसळायची नाहीत. दुसऱ्याने केलेलं काम आपण पुन्हा केलं की तो माणूस पुढच्या वेळी करत नाही. तुमच्या मुलीनेही दिवाळीत तेच केलं. आणि यजमानांनीही हे वाचावं असं मला वाटतं. बायकोला "सोडून दे" म्हणण्यापेक्षा सणाच्या आदल्या दिवशी अर्धं काम अंगावर घेणं तिला जास्त मोकळं करेल.

एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. गॅस बंद आहे का हे वीस वेळा बघणं, हात सोलवटेपर्यंत धुणं, ठरावीक आकड्यापर्यंत मोजल्याशिवाय पुढे न जाता येणं, हे जुन्या लोकांच्या भाषेत मंत्रचळ. ते वेगळं असतं, त्याला मानसोपचारतज्ज्ञांची आणि अनेकदा औषधांचीही गरज लागते. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसत नाही. पण झोप आणखी उडाली, खाणं-पिणं बिघडलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर वही बाजूला ठेवा आणि तज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला बढतीचा अर्ज. अभ्यास पुरेसा झाला असं वाटेल तेव्हा भरू, असं तुम्ही दोन वर्षं म्हणताय. ते वाटणं येणार नाही, कारण माप वर सरकत राहतं हे आपण आधी बघितलं. तेव्हा उलट करा. या वेळी अर्ज सुटला की दुसऱ्याच दिवशी भरा, अभ्यास जिथे असेल तिथे. वहीच्या दुसऱ्या रकान्यात काय काय होईल ते सविस्तर लिहा: नापास होईन, शाखेत कळेल, कोण काय म्हणेल. तिसऱ्यात आकडा घाला. चौथा रकाना निकाल लागेपर्यंत कोरा राहील, आणि तो रोज उघडून बघावासा वाटेल. मध्ये एखाद्या रविवारी अंगणात किंवा जिन्यात बसून मुलीला ठिपके द्यायला सांगा.